कंडक्टर करतो तरी काय? झुबिन मेहतांना पाहिल्यानंतरचं उत्तर

तुझा प्रश्न आधी तुझ्याच शब्दांत लिहितो: "सर, तुम्ही सिम्फनी ऑर्केस्ट्राचे कंडक्टर झुबिन मेहता यांना मुंबईत प्रत्यक्ष पाहिलंय. वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या पुढ्यात नोटेशन असतं, सगळे मुरलेले कलाकार असतात, मग मधोमध उभं राहून हात हलवणारा माणूस लागतो कशाला? आणि सोलापूरहून गाडीभाडं, तिकीट, राहणं एवढा खर्च करून जावं असं त्यात पाहण्यासारखं काय असतं?"

तू ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतोस. लग्नसराई, गणपती, नवरात्र, जयंत्या, रात्र रात्र स्टेजवर असतोस. तुमच्याकडे ड्रमरने काठ्यांवर चार मोजले की गाणं उठतं आणि पुढे ड्रम आणि बेस त्याला धरून ठेवतात. लय कानाला ऐकू येते. अशा वादकाला कंडक्टरचं काम चटकन दिसत नाही, कारण त्या कामाला आवाजच नाही. मी व्हायोलिनवाला. बरीच वर्षं तुझ्यासारखीच स्टेजवर साथ केली, आता शिकवतो आणि मुलामुलींचा तंतुवाद्यांचा एक छोटा गट चालवतो. म्हणून उत्तर वाजवणाऱ्याच्या बाजूने देतो आणि जरा ऐसपैस देतो.

सरळ उत्तर हे की कंडक्टरशिवाय वाजवता येतं. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ साली स्थापन झाला तो कंडक्टर न ठेवण्याच्या निश्चयानेच. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसारखा मोठा ताफासुद्धा संगीतकार आणि कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइन यांच्या निधनानंतर त्यांच्या 'कँडिड'चं ओव्हर्चर, म्हणजे सुरुवातीचा वाद्यसंगीताचा तुकडा, त्यांच्या आठवणीखातर पोडियम, म्हणजे कंडक्टरचा चौथरा, रिकामं ठेवून वाजवत आला आहे. पण ऑर्फियस हा लहान ताफा आहे, आणि प्रत्येक रचनेवर आपसांत चर्चा करत, वाद घालत ते तालमी करतात. 'कँडिड'चं म्हणशील तर ते चार-पाच मिनिटांचं आणि त्या वादकांच्या अंगात मुरलेलं. ऐंशी-नव्वद वादक, पाऊण तासाची सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली अनेक भागांची मोठी रचना), लय दर काही मिनिटांनी बदलणारी आणि तालमीला मोजके दिवस, असं गणित समोर आलं की मामला वेगळा होतो.

तो का वेगळा होतो ते तुला लगेच पटेल. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मोठ्या ऑर्केस्ट्रात पुढच्या व्हायोलिनपासून मागच्या टिंपनीपर्यंत, म्हणजे मोठ्या नगाऱ्यांपर्यंत, १२ मीटर अंतर सहज असतं. म्हणजे व्हायोलिनचा स्वर टिंपनीवाल्याच्या कानावर ३५ मिलिसेकंद उशिरा पडतो. त्याने तो ऐकून वाजवलं, तर त्याचा ठोका पुढे पोचायला पुन्हा तितकाच वेळ. झाले ७० मिलिसेकंद. लॅपटॉपला कीबोर्ड जोडून वाजवताना लेटन्सी, म्हणजे कळ दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा उशीर, एवढी वाढली तर बोटं कशी अडखळतात ते तुला माहीत आहे. म्हणून मागच्या रांगेतले वादक कानापेक्षा डोळ्यांवर जास्त विसंबतात. बॅटनचं, म्हणजे कंडक्टरच्या हातातल्या बारीक काठीचं, टोक सगळ्यांना एकाच क्षणी दिसतं. आपल्या स्टेजवर हे काम मॉनिटर आणि हेडफोन करतात. सिम्फनीत माइक नाहीत, मॉनिटर नाहीत, सगळा आवाज लाकडाचा, पितळेचा आणि चामड्याचा.

दुसरी गोष्ट नोटेशनची. वादकाच्या स्टँडवर फक्त त्याचा पार्ट असतो, बाकी कुणाचं काय चाललंय ते त्यात लिहिलेलं नसतं. हॉर्न या पितळी फुंकवाद्याच्या दुसऱ्या वादकाच्या कागदावर कधीकधी नुसते विराम असतात, चाळीस-पन्नास मात्रांचे, आणि मग एकदम एक स्वर. पूर्ण स्कोअर एकट्या कंडक्टरपुढे असतो. त्याच्या एकेका पानावर बासरीपासून डबल बासपर्यंत वीस-वीस ओळी एकाखाली एक. ते पान एका नजरेत वाचून, या क्षणी कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवणारा एक कान कुणाचा तरी असावा लागतो.

एवढं पुस्तकात वाचूनही कळतं. पुस्तकात न कळणारं मला मुंबईत जे दिसलं ते आता सांगतो.

झुबिन मेहतांना मी आधी पाहिलं ते २००८ मध्ये. त्यांचे वडील मेहली मेहता यांच्या जन्मशताब्दीचं वर्ष. इस्रायल फिलहार्मोनिकला घेऊन ते मुंबईत आले होते आणि ब्रेबॉर्न स्टेडियमवर ऑपेरा गायक प्लासिडो डोमिंगो गायले. मैदानातला कार्यक्रम, लाउडस्पीकर, माझी जागा लांबची. त्या आवाजाने अंगावर काटा आला हे खरं, पण लाउडस्पीकरमधून आलेला ऑर्केस्ट्रा मला मनापासून कधीच पटलेला नाही. व्हायोलिनचे सोळा गज एकत्र चालतात तेव्हा हवेत जी एक दाटी होते, ती माइकमध्ये पातळ होऊन येते. शिवाय कंडक्टर म्हणून दिसली ती पाठ, आणि तीसुद्धा बोटाएवढी. डोमिंगोंचं गाणं कानात घेऊन परतलो. मेहतांचं काम पाहणं मात्र राहूनच गेलं.

ते दिसलं २०२३ च्या ऑगस्टमध्ये. नरिमन पॉइंटच्या एनसीपीएत (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), जमशेद भाभा थिएटरमध्ये त्यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाला पहिल्यांदाच कंडक्ट केलं. जगातल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांपुढे उभा राहिलेला मुंबईचा हा माणूस, आणि भारतातल्या व्यावसायिक सिम्फनी ऑर्केस्ट्रापुढे यायला वयाची ८७ वर्षं व्हावी लागली. यात त्यांचा दोष काय? तो ऑर्केस्ट्राच २००६ मध्ये उभा राहिला. त्याआधी आपल्याकडे त्या तोडीचं काही टिकलंच नव्हतं.

या वेळी मी जागा निवडली ती आवाजासाठी नाही, पाहण्यासाठी. बाल्कनीत अगदी टोकाला, जिथून त्यांचा चेहरा तिरपा का होईना दिसेल. तिथून पितळी वाद्यं जरा चढी ऐकू येतात आणि व्हायोलिनचा तोल ढळतो, पण मला तो सौदा मंजूर होता.

ते आले ते हळूहळू, आधार घेत. सभागृह उभं राहिलं. पोडियमवर खुर्ची ठेवलेली होती, तिच्यावर बसले. तरुणपणीचे त्यांचे व्हिडिओ पाहिले असशील तर ते सळसळतं अंग, ते खांद्यापासून फिरणारे हात तुझ्या डोळ्यांपुढे असतील. त्यातलं जवळपास काहीच उरलं नव्हतं. खांदे स्थिर, कोपर अंगालगत. हलत होतं ते मनगट. आणि मला वाटतं, माझ्यासारख्या वादकाला याहून चांगला धडा मिळाला नसता, कारण हालचाल इतकी कमी झाल्यावर तिच्यात उरतं ते फक्त कामाचं.

सुरुवातीचा क्षण नीट सांगतो. ओबो या फुंकवाद्याने 'ए' स्वर दिला, सगळ्यांनी वाद्यं जुळवली, शांतता झाली. त्यांनी बॅटन उचलली आणि लगेच काही केलं नाही. डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवली. पहिल्या व्हायोलिनवाल्यांचे गज तारांवर टेकलेले, फुंकवाद्यांचे ओठ तयार. मग मनगट चार बोटं वर गेलं, आणि त्याच वेळी त्यांनी नाकाने श्वास घेतला. तो श्वास मला वर बाल्कनीत दिसला. खाली वादकांनी तो सगळ्यांनी मिळून घेतला. बॅटन खाली यायच्या आत पुढचं सारं ठरून गेलं होतं: किती वेगाने, किती जोराने, स्वराला धार असणार की तो मऊ उमटणार. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा मानकरी उचलण्याआधी क्षणभर थांबून श्वास भरतो आणि भोवतालच्या सगळ्यांना न सांगता कळतं, तसं ते. कंडक्टरचा खरा ठोका म्हणजे हा आधीचा ठोका. स्वर ऐकू येतो तोवर त्याचं त्या स्वरापुरतं काम संपलेलं असतं आणि तो पुढच्या स्वरापाशी गेलेला असतो.

तुझ्या प्रश्नाचं माझं मुख्य उत्तर हेच आहे. आपण प्रेक्षक म्हणून पाहतो तेव्हा हात आणि आवाज एकत्र दिसतात, आणि वाटतं, हा संगीताबरोबर हात हलवतोय. नीट पाहिलंस तर तो संगीताच्या पुढे असतो. थोडासाच, पण कायम पुढे.

एका संथ भागात तंतुवाद्यांच्या वर बासरीची ओळ येत होती. पहिल्यांदा ती जेमतेम ऐकू आली. मेहतांचा डावा हात मांडीवर होता, तो उचलला, पंजा खाली करून दुसऱ्या व्हायोलिनकडे नुसता धरला, थोपवल्यासारखा. दोन मात्रांत व्हायोलिनचा आवाज बसला आणि बासरी वर तरंगली. बासरीवाल्याला त्यांनी काहीच सांगितलं नाही, 'मोठं वाजव' असा हातही केला नाही. त्याचा स्वर मुळात बरोबरच होता, फक्त त्याच्यावरचं ओझं काढायचं होतं. आपल्याकडे साउंडवाला काय करतो? ऐकू येत नाही ते वाढवतो. मग दुसऱ्याला आपलं ऐकू येत नाही, तोही वाढवायला सांगतो, आणि शेवटच्या गाण्यापर्यंत कानाचे पडदे फाटायची वेळ येते. ती एक हालचाल पाहिल्यापासून मी माझ्या गटात कुणाला 'जोरात' म्हणण्याआधी कोण हळू व्हायला हवं ते शोधतो.

पुढे हॉर्नची जागा आली. बराच वेळ गप्प बसलेले चार हॉर्नवाले. हॉर्न हे फार बेभरवशाचं वाद्य, पहिला स्वर फुटायची भीती कसलेल्या वादकालाही असते. त्यांची पाळी यायच्या चांगल्या दोन मात्रा आधी मेहतांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. हात तसाच चालू, लय व्हायोलिनला देतायत, डोळे मात्र हॉर्नवर. त्या नजरेत हुकूम नव्हता. 'आहे मी इथे, या' एवढंच. स्वर स्वच्छ आला. क्यू देणं म्हणजे पाळी आल्यावर बोट दाखवणं असं आपण समजतो. पाळी आल्यावर दाखवलेलं बोट वादकाच्या काही उपयोगाचं नसतं. श्वास भरायला वेळ मिळेल इतकं आधी कुणीतरी पाहावं लागतं.

आणि एका ठिकाणी त्यांनी ठोका देणंच थांबवलं. बॅटन खाली, हात मांडीवर. ऑर्केस्ट्रा चालूच, लय जराही ढळलेली नाही. ते फक्त ऐकत होते, चेहऱ्यावर थोडं समाधान. शेजारच्या गृहस्थांना वाटलं, वय झालंय, दमले असतील. मला तसं वाटलं नाही. वादक एकमेकांना ऐकून छान वाजवत असतील तर मध्ये हात घालायचा नाही, याला मोठा आत्मविश्वास लागतो. तरुण कंडक्टर बहुधा हे करू शकत नाहीत, त्यांना सतत चालवत राहावंसं वाटतं. तबलजीने मुख्य कलाकाराला मोकळं सोडून नुसता ठेका धरून ठेवावा, त्याला जी समज लागते तीच ही.

आता तू म्हणशील, ८७ वर्षांच्या माणसाच्या मनगटाला इतकं कसं ऐकतात लोक? नावाचा दबदबा असतोच, पण तेवढ्यावर पाऊण तास निघत नाही. त्यामागचं शिक्षण थोडं सांगायला हवं.

त्यांचा जन्म २९ एप्रिल १९३६ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वडील मेहली मेहता व्हायोलिनवादक. त्यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. घरात तालमी, घरात रेकॉर्ड्स. कॉलेजच्या वयातच झुबिन त्या ऑर्केस्ट्राच्या तालमी घेऊ लागले होते. १९५४ मध्ये अठराव्या वर्षी ते व्हिएन्नाला गेले, हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे कंडक्टिंग शिकले आणि वाद्य म्हणून डबल बास घेतला. व्हिएन्ना फिलहार्मोनिक त्यांनी तिथे पहिल्यांदा ऐकला तो कार्ल ब्योम यांच्या हाताखाली, ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीत. तोवर कानावर होतं ते मुंबईतल्या वादकांचं वाजवणं आणि रेकॉर्ड्सवरचं संगीत. ब्राम्सच्या त्या आवाजाने त्यांचं पुढचं आयुष्य ठरवलं. मुंबईच्या मुलाची ही गत, तर आपल्या सोलापूरच्या मुलांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ऑर्केस्ट्रा म्हणजे काय हे ठरवू नये, असं मला फार मनापासून वाटतं.

व्हिएन्नातली आणखी एक गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. मोठ्या कंडक्टरांच्या तालमींना बाहेरच्यांना बसू देत नसत. मेहता आणि त्यांचा सहाध्यायी क्लाउडिओ अब्बाडो, जो पुढे तितकाच मोठा झाला, या दोघांनी मार्ग काढला. ते गाणाऱ्यांच्या समूहात, झिंगफेराइनमध्ये भरती झाले. खर्जात गायचं आणि समोर उभे असलेले ब्रुनो वॉल्टर, कारायान यांना तालमीत पाहायचं. गायकवृंद ऑर्केस्ट्राच्या मागे उभा असतो, म्हणजे कंडक्टरचा चेहरा थेट समोर. आपण पैसे देऊन पाठ पाहतो. ते दोघे गाऊन चेहरा पाहत होते. मी बाल्कनीचं टोक निवडलं ते याच गोष्टीमुळे.

पुढची नावं तुला माहितीजालावर सापडतील, भराभर सांगतो. १९५८ मध्ये लिव्हरपूलची कंडक्टिंग स्पर्धा जिंकले. साठच्या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियल आणि लॉस एंजेलिस, मग १९७८ ते १९९१ न्यूयॉर्क फिलहार्मोनिक. इस्रायल फिलहार्मोनिकशी तर पन्नास वर्षांचं नातं, तिथून २०१९ मध्ये निवृत्त झाले. १९६६ मध्ये पद्मभूषण, २००१ मध्ये पद्मविभूषण. १९९० मध्ये रोममध्ये पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास एकत्र गायले तेव्हा दोन ऑर्केस्ट्रा एकत्र करून त्यांना सांभाळणारे हेच. सारायेव्होत लढाई चालू असताना १९९४ मध्ये तिथल्या उद्ध्वस्त ग्रंथालयात मोत्सार्टचं रेक्विएम, म्हणजे मृतांसाठीची प्रार्थना, केलं तेही यांनीच. २०१३ च्या सप्टेंबरात श्रीनगरच्या शालिमार बागेत बव्हेरियन स्टेट ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला, तो दूरदर्शनवर आपण इथे पाहिला. काश्मीरमध्ये त्याला विरोध होता, त्या दिवशी बंदही होता. तरी चिनारांच्या खाली सिम्फनी ऑर्केस्ट्रा बसलेला पाहणं हा माझ्यासाठी मोठा दिवस होता.

मुंबईला लगेच जाणं जमणार नसेल, तर कंडक्टरचं काम घरबसल्या समजून घ्यायला एक उत्तम जागा आहे. व्हिएन्ना फिलहार्मोनिकचा १ जानेवारीचा न्यू इयर कॉन्सर्ट. मेहतांनी तो १९९०, १९९५, १९९८, २००७ आणि २०१५ असा पाच वेळा केला. शेवटी थोरले योहान श्ट्राउस यांचा राडेट्स्की मार्च वाजतो आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवतं. तेव्हा कंडक्टर ऑर्केस्ट्राकडे पाठ करून लोकांकडे वळतो. तेवढीच दोन-तीन मिनिटं नीट बघ. टाळ्या वाजवणाऱ्यांपुढे नोटेशन नाही, त्यांची तालीम झालेली नाही, त्यातले कित्येक जण ताल चुकणारे. पण हात खाली दबला की टाळी हलकी होते, तळवा आडवा आला की बंद, आणि दोन्ही हात उघडले की गडगडाट. पुढच्या ओळीत जोर हवाय हे लोकांना आधी कसं कळतं? त्या हातांतून. वादकांशी हेच चालतं, शंभर पट बारीक. कंडक्टर काय करतो हे मुलांच्या पालकांना समजावताना मी हाच तुकडा दाखवतो, आणि पुढे बोलावं लागत नाही.

स्टेजवर दिसतं ते या कामाचं शेवटचं टोक. खरं काम तालमीत. गज कुठे वर न्यायचा, कुठे खाली, हे सोळा व्हायोलिनचं एक ठरवायचं. ते प्रामुख्याने लीडर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनचा पहिला वादक ठरवतो, पण कंडक्टरच्या मनातला आवाज ओळखून. श्वास कुठे, थांबा किती, कुठल्या स्वराकडे सगळी ओळ चढत जाते, हे सारं तिथे ठरतं. कार्यक्रमात कंडक्टर त्याची नुसती आठवण देतो, आणि सभागृहात माणसं भरल्यावर आवाज बदलतो तो सावरतो. माणसांचे कपडे आवाज पितात. रिकाम्या हॉलमध्ये घेतलेली तालीम आणि भरल्या हॉलमधला कार्यक्रम यांत फरक पडतोच. हुतात्मा स्मृती मंदिरात दुपारी साउंड चेक केलेला आणि रात्री तोच सेटिंग फसलेला अनुभव तुझ्याही गाठीशी असेल.

हे सगळं परकं आहे असं मात्र समजू नकोस. तुझा रोजचा माल, म्हणजे पन्नास-साठच्या दशकांतली हिंदी गाणी, ही कंडक्टर आणि अरेंजर (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे) लोकांच्याच हातांतून गेलेली आहेत. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सॅबेस्टियन डिसोझा साठ-साठ वादकांच्या ताफ्याची वाद्यरचना लिहायचे. अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवलं आणि १९५८ मध्ये मुंबईत भारतीय सिम्फनीचा प्रयोगही करून पाहिला. गोव्याचे, पारशी समाजातले नोटेशन वाचणारे वादक सिम्फनीतही वाजवायचे आणि सकाळी स्टुडिओतही. तू कीबोर्डवर जे स्ट्रिंग्जचं बटण दाबतोस, त्याच्या जागी तेव्हा खरी माणसं होती आणि त्यांच्यापुढे हात उचलणारा एक माणूस होता.

जायचं कसं, आता ते. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे साधारण वर्षाला दोन हंगाम असतात, फेब्रुवारीच्या आणि सप्टेंबरच्या आसपास. तारखा एनसीपीएच्या संकेतस्थळावर आधी लागतात. मेहतांचंच नाव हवं असा हट्ट धरू नकोस, त्यांचं वय पाहता तो योग जुळेलच असं नाही. कुठलाही चांगला कंडक्टर चालेल. राहण्याचा खर्च टाळता येतो. सकाळची वंदे भारत धरली तर दुपारी मुंबईत, कार्यक्रम बहुधा संध्याकाळी सातच्या सुमाराला सुरू होतो आणि नऊच्या आसपास सुटतो. नरिमन पॉइंटहून सीएसएमटी दोन-तीन किलोमीटर. रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस गाठून सकाळी घरी. गाड्यांच्या वेळा मात्र निघण्याआधी तपासून घे. शेंगाचटणी आणि कडक भाकरी सोबत ठेव, तिथल्या कँटीनचे दर आपल्याला परवडणारे नाहीत.

तिकीट काढताना महागडी मधली रांग घेऊ नकोस. बाल्कनीची बाजूची जागा घे. पहिल्या रचनेत फक्त उजवा हात बघ: खाली, डावीकडे, उजवीकडे, वर, हा चारचा आकार सापडतो का, आणि तो कुठे मोडतो. दुसऱ्या रचनेत उजवा हात पूर्ण विसरून डावा बघ. मध्यंतरानंतर हात सोडून दे आणि डोळे बघ, कुणाकडे कधी पाहतो ते. सिम्फनीच्या दोन भागांमध्ये थोडी शांतता असते, तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत. आपल्याला दाद दिल्याशिवाय राहवत नाही हे मला माहीत आहे, मला स्वतःला ती बंदी जाचते. पण कंडक्टरचे हात बघ, ते पूर्ण खाली आले की मग मनसोक्त वाजव. शेवटी तो वादकांना एकेक करून उभं करतो. कुणाला आधी उभं करतो ते लक्षात ठेव, म्हणजे त्या संध्याकाळी त्याच्या मते सगळ्यात अवघड काम कुणी पार पाडलं ते कळेल.

जाण्याआधी एक गोष्ट करून बघ, म्हणजे तिथे तुला दुप्पट दिसेल. बीथोव्हनच्या पाचव्या सिम्फनीची सुरुवात घे. चार स्वरांची ती ओळ सगळ्या जगाला पाठ आहे, पण तिचा स्कोअर उघडून पाहिलास तर पहिल्या स्वराआधी अर्ध्या मात्रेचा विराम आहे. म्हणजे कंडक्टरचा ठोका पडतो तो शांततेवर, आणि सगळे त्याच्या मागोमाग तीन स्वर एका दमात टाकतात. चार कुणी मोजून द्यायचे नाहीत, तोंडाने एक-दो म्हणायचं नाही. फक्त एक हात वर आणि खाली. स्कोअर माहितीजालावर मोफत मिळतो, हक्क केव्हाच संपलेत. माझ्या गटाने पहिली पाच मापं (बार) बसवलेली आहेत आणि मुलं शनिवारी संध्याकाळी जमतात. ये, त्यांच्यापुढे उभा राहा आणि एक हात उचलून ती ओळ सुरू करून दाखव. आधी वेग मनात पक्का कर, मग श्वास घे, मग हात. मुलांना सांगून ठेवतो की कुणीही तुला सांभाळून घ्यायचं नाही. तुझ्या हातात जे दिसेल तेच वाजवायचं.